सकाळी सातची शाळा आणि डोक्यातले घड्याळ

जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. आमच्या इमारतीच्या फाटकाशी शाळेची व्हॅन मात्र सहा चाळीसलाच येऊन उभी राहते. नववीत शिकणारी शेजारची मुलगी त्या अंधारात, दप्तर पाठीला अडकवून, फाटकाच्या खांबाला कपाळ टेकवून उभ्या उभ्या डुलकी काढत असते. तिची आई एका हाताने तिची वेणी सारखी करत दुसऱ्या हाताने व्हॅनवाल्याला थांबण्याची खूण करत असते. ‘‘रात्री लवकर झोप म्हणून कानीकपाळी ओरडते, पण ऐकेल तर शपथ,’’ हे आईचे गाऱ्हाणे. ‘‘अगं, दहाला दिवा मालवून पडते, पण साडेअकरापर्यंत नुसती कूस बदलत असते,’’ हे मुलीचे. वर्षभर हा संवाद ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की दोघीही खरे बोलतात, आणि झोप कधी यावी हे त्या दोघींपैकी कोणाच्याच थेट हातात नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा जाहीर कार्यक्रमात मांडला आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याच्या शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. त्यावर बसवाले, दोन अधिवेशनांत शाळा चालवणारे संस्थाचालक आणि नोकरदार पालक यांच्यात बरीच खडाजंगी झाली. त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही, तो असा की माणसाला झोप येते तरी कशी, आणि ती एका ठरावीक वेळीच का येते. रोजच्या आरोग्याच्या ज्या सवयी आपल्याला सांगितल्या जातात, त्यांपैकी निदान अर्ध्या सवयींचे कारण या एका प्रश्नाच्या उत्तरात सापडते.

## लाजाळूचे झाड आणि काळोखी कपाट

लाजाळूची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते, आणि ती उन्हामुळेच उघडतात असे आपण गृहीत धरतो. १७२९ साली दे मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशीच एक कुंडी गडद काळोखात ठेवली, आणि त्याला आढळले की ऊन नसतानाही पाने आपल्या वेळेला उघडत होती आणि वेळेलाच मिटत होती. याचा अर्थ वेळ झाडाच्या आतच कुठेतरी मोजली जात होती. ही आतली मोजदाद करणारी यंत्रणा म्हणजे जैविक घड्याळ, आणि ते माशीपासून माणसापर्यंत सर्वांकडे असते. फळांवर घोंगावणाऱ्या बारक्या माशांवर काम करून हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते ते उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात सांगायचे तर पेशीत एक प्रथिन तयार होऊन साचत जाते, पुरेसे साचले की स्वतःचेच उत्पादन थांबवते, मग हळूहळू नष्ट होते, आणि पुन्हा उत्पादन सुरू होते. या एका फेऱ्याला सुमारे एक दिवस लागतो.

माणसाच्या जवळजवळ प्रत्येक अवयवात अशी घड्याळे आहेत. त्यांचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची जिथे फुली पडते त्याच्या बरोबर वर आहे. ते सुमारे २० हजार पेशींचे आहे, म्हणजे आकाराने तांदळाच्या कणीहूनही लहान. शरीराचे तापमान केव्हा उतरावे, कोणते संप्रेरक केव्हा स्रवावे, पोटाने केव्हा तयारीत राहावे, हे सगळे त्याच्या इशाऱ्याने चालते. डोळ्यांशी त्याची इतकी जवळीक असण्याचे कारण पुढे येईल.

## मागे पडणारे घड्याळ आणि आकाशवाणीची पिप-पिप

ज्यांच्या घरी किल्लीचे भिंतीवरचे घड्याळ होते, त्यांना आठवेल की ते रोज थोडे मागे पडायचे, आणि आजोबा आकाशवाणीच्या बातम्यांआधीची पिप-पिप ऐकून काटा पुढे सरकवायचे. आपले डोक्यातले घड्याळ नेमके तसेच आहे. माणसाला उजेडाचा आणि वेळेचा कोणताही सुगावा लागू न देता प्रयोगशाळेत ठेवले, तर त्याचा दिवस सरासरी २४ तास १० मिनिटांच्या आसपास भरतो. ही दहा मिनिटे किरकोळ वाटतात खरी, पण काटा कोणी सरकवलाच नाही तर महिनाभरात झोप पाच तास उशिरा येऊ लागेल. मग रोज काटा सरकवते कोण? ते काम सकाळचा उजेड करतो.

डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी आहेत, ज्यांचा प्रकाशाला मिळणारा स्वतंत्र प्रतिसाद २००२ च्या सुमारास सिद्ध झाला. त्यांना चित्र दिसत नाही. बाहेर किती उजेड आहे एवढेच त्या मोजतात आणि ती वार्ता सरळ मुख्य घड्याळाला पोहोचवतात. आकाशाच्या निळसर उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. सकाळी उठल्यावर डोळ्यांत गेलेला उजेड घड्याळाचा काटा पुढे ओढतो, म्हणजे त्या रात्री झोप थोडी लवकर येते. रात्री उशिरा डोळ्यांत गेलेला उजेड उलटे काम करतो, कारण घड्याळाला वाटते की दिवस अजून संपलेला नाही.

आता खरी मेख उजेडाच्या प्रमाणात आहे. उजेड लक्स या एककात मोजतात. मी एकदा मोबाइलमधल्या साध्या मापकाने घरातला उजेड मोजून पाहिला. हे मोजमाप ढोबळच म्हणायचे, पण फरक पाहण्यासाठी ते पुरेसे होते. स्वयंपाकघरात ओट्यावर, ट्यूबलाइटच्या खाली, १८० लक्स भरले. हॉलमध्ये सोफ्यावर ९० भरले. त्याच वेळी, पावणेआठला, गच्चीवर आभाळ भरून आलेले असताना नऊ हजार. भर दुपारच्या उन्हात हा आकडा एक लाखापर्यंत जातो. आपल्या डोळ्यांना हा फरक तेवढा जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होऊन आणि डोळ्याचा पडदा उजेडाशी जुळवून घेऊन सगळे सांभाळून घेतात. मेंदूतल्या घड्याळाला मात्र घरातला ‘लख्ख’ उजेड संधिकालासारखा वाटतो. म्हणजे दिवसभर घरात किंवा कचेरीत बसणारा माणूस घड्याळाच्या दृष्टीने दिवसा अंधारात असतो आणि रात्री दिवे लावून बसल्यावर पुन्हा त्याच अंधुक उजेडात. पिप-पिप ऐकूच आली नाही, तर काटा कोणत्या वेळेवर लावायचा?

याचा पुरावा २०१३ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एका छोट्या पण सुरेख प्रयोगाने दिला. आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत राहायला नेले, विजेचे दिवे नाहीत, बॅटऱ्या नाहीत, दिवसा ऊन आणि रात्री शेकोटी. आठवडा संपताना त्यांच्या शरीरातले रात्रीचे रसायन सुमारे दोन तास लवकर स्रवू लागले होते, आणि विशेष म्हणजे ज्यांना ‘रात्रीचे घुबड’ म्हणतात त्यांच्यात हा बदल सर्वांत मोठा होता. त्यांना कोणी शिस्त लावलेली नव्हती.

## भूक आणि खाणावळ

वर उल्लेख केलेले रात्रीचे रसायन म्हणजे मेलाटोनिन. नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी ते रक्तात वाढू लागते आणि ‘रात्र झाली’ ही दवंडी सगळ्या अवयवांपर्यंत पोहोचवते. ते झोप आणत नाही, फक्त झोपेची वेळ झाल्याचे जाहीर करते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्यांबद्दलचा बराचसा गैरसमज यातूनच निघतो. या गोळ्यांच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या असता झोप सरासरी सातेक मिनिटेच लवकर लागल्याचे दिसले.

झोप येण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. खाणावळीत जेवणाऱ्याला हे चटकन कळेल. पोटात भूक हवी आणि खाणावळ उघडी हवी. जागेपणी मेंदूत अडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. जितके जास्त तास जागरण, तितके ते अधिक, आणि तितकी झोपेची भूक मोठी. खाणावळ कधी उघडणार हे मात्र घड्याळ ठरवते. शेजारची मुलगी दहा वाजता पडते तेव्हा भूक असते, पण खाणावळीचे दार अजून लोटलेलेच असते. याउलट रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी दहा वाजता प्रचंड भूक असूनही गाढ झोप लागत नाही, कारण खाणावळ बंद झालेली असते. दुपारी संध्याकाळी तीन तास ताणून देणाऱ्यांना रात्री झोप येत नाही, कारण दार उघडे आहे पण भूकच उरलेली नाही.

चहा-कॉफीतले कॅफिन ही भूक भागवत नाही, फक्त तिची जाणीव झाकते. अडिनोसिन ज्या जागांवर जाऊन बसते, त्या जागा ते अडवून ठेवते. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या चहातले निम्मे कॅफिन रात्री दहाला अजून रक्तात असते. ‘‘मी तर चहा पिऊनही झोपतो’’ असे म्हणणाऱ्यांची झोप लागते हे खरे, पण तिचा सर्वांत गाढ भाग कमी झालेला असतो, आणि ते झोपलेल्या माणसाला कळत नाही. चहा सोडावा असे मी सांगणार नाही, ते मला स्वतःलाच जमलेले नाही. शेवटचा कप चारच्या आत उरकावा एवढेच.

## मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या सूर्यावर बेतलेली आहे. मुंबई तिथून जवळजवळ दहा अंश पश्चिमेला आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली जुनी ‘मुंबई टाइम’ १९५५ च्या सुमारापर्यंत टिकवून धरली होती, आणि ती प्रमाणवेळेच्या बरोबर तेवढीच, ३९ मिनिटे मागे होती. आज तो हट्ट गमतीचा वाटतो, परंतु शरीराच्या दृष्टीने मुंबईकरांचेच बरोबर होते. आपल्या भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे सात वाजतात तेव्हा मुंबईच्या सूर्याचे सहा एकवीस झालेले असतात. नागपूरला हाच फरक चौदा मिनिटांचा आहे. एकाच राज्यातल्या एकाच वेळेच्या दोन शाळांत, मुंबईतले मूल सूर्याच्या हिशोबाने पंचवीस मिनिटे लवकर वर्गात बसते.

हा नुसता भूगोलाचा खेळ नाही. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांच्या माहितीवरून दाखवले आहे की जिथे सूर्यास्त उशिरा होतो तिथे मुले झोपतात उशिरा, पण शाळेची घंटा तीच असल्यामुळे उठतात तेव्हाच, आणि ही तूट त्यांच्या अभ्यासाच्या वेळेत आणि शिक्षणात उतरते. गरीब घरांत ती अधिक दिसते, कारण पंखा, स्वतंत्र खोली, जाड पडदे या झोप भरून काढण्याच्या सोयी तिथे नसतात.

## म्हणजे नववीतली मुले आळशी नाहीत?

नाहीत. वयात येताना जैविक घड्याळ एक ते दोन तास मागे सरकते, मेलाटोनिन उशिरा वाढू लागते, आणि झोपेची भूकही लहान मुलांपेक्षा सावकाश साचते. हे जगभर दिसते, मोबाइल येण्याच्या आधीपासून दिसते, आणि विशीच्या आसपास आपोआप ओसरू लागते. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. अकराच्या आधी झोप येत नाही आणि साडेपाचला गजर वाजतो, तेव्हा साडेसहा तासच पदरात पडतात. शिवाय रात्रीच्या झोपेचा शेवटचा भाग हा स्वप्नांचा, म्हणजे भावनांची आणि आठवणींची आवराआवर करणाऱ्या झोपेचा असतो, आणि गजर नेमका तोच भाग कापतो. दुपारभर चिडचिड करणाऱ्या मुलाला ‘वयच तसे आहे’ म्हणण्याआधी तो किती तास झोपला हे विचारून पाहावे.

म्हणूनच २०२४ च्या शासन निर्णयाबद्दल मला एक तक्रार आहे. पहिली ते चौथीची मुले स्वभावतःच लवकर उठणारी असतात. त्यांनाही झोप भरपूर लागते, त्यामुळे निर्णय चुकीचा नाही, पण ज्यांचे घड्याळ खरोखर मागे सरकलेले असते ते आठवी ते बारावीचे विद्यार्थी त्यातून वगळले गेले. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली शिफारस केली ती माध्यमिक वर्गांसाठी, साडेआठच्या आधी नको अशी. सिएटल शहराने २०१६ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा सात पन्नासऐवजी आठ पंचेचाळीसला सुरू केल्या. ‘‘शाळा उशिरा केली की मुले आणखी उशिरापर्यंत जागतील’’ ही जी शंका आपल्याकडे हमखास निघते, तीच तिथेही निघाली होती. मनगटावरच्या यंत्राने मोजले तेव्हा मुलांची झोप ३४ मिनिटांनी वाढल्याचे आढळले, कारण उठण्याची वेळ पुढे गेली पण झोपण्याची वेळ जवळजवळ तिथेच राहिली. आपल्याकडची अडचण वेगळी आहे हे मान्य करायला हवे. एकाच इमारतीत दोन अधिवेशने भरतात, एसटी ठरावीक वेळीच येते, क्लास रात्री नऊला सुटतात. यातली एसटीची अडचण खरी, पण क्लासची अडचण आपण स्वतः ओढवून घेतलेली आहे.

## शाळा बदलेल तेव्हा बदलेल, घरात काय करावे?

एवढे समजल्यावर सवयी पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात. सर्वांत मोठी गोष्ट झोपण्याची वेळ नसून उठण्याची वेळ आहे. झोप आज्ञेने येत नाही, पण उठणे आपल्या हातात असते, आणि रोज एकाच वेळी उठून पहिल्या तासाभरात वीस ते तीस मिनिटे मोकळ्या आभाळाखाली काढली की रात्रीची खाणावळ आपोआप वेळेवर उघडू लागते. दूध आणायला चालत जाणे, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणे, बसथांब्यावर सावलीबाहेर उभे राहणे, यांतले काहीही चालते. सूर्याकडे टक लावून पाहू नये, त्याची गरजही नाही. पावसाळ्यातले ढगाळ आभाळसुद्धा ट्यूबलाइटच्या कित्येक पट उजेड देते. जो नेहमी नऊला उठतो त्याने मात्र एकदम पहाटे पाचला उठून उजेडात जाऊ नये, कारण त्याच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली नसते आणि त्या वेळचा उजेड काटा उलट दिशेने ढकलू शकतो. त्याने दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे अलीकडे यावे.

रविवारी दहापर्यंत झोपून आठवड्याची तूट भरून निघते का, याचे उत्तर ‘थोडीशी’ असे आहे, पण त्याची किंमत सोमवारी मोजावी लागते. आठवडाभर रात्री अकरा ते सहा झोपणारा माणूस शनिवारी साडेबाराला झोपून रविवारी साडेनऊला उठला, तर त्याच्या झोपेचा मध्य अडीच तासांनी सरकला. मुंबई आणि कतार यांच्या घड्याळांत एवढेच अंतर आहे. म्हणजे दर शनिवारी दोह्याला जाऊन सोमवारी पहाटे परत कामावर हजर होण्यासारखे हे झाले. तासाभराची सूट घ्यावी, उरलेली तूट दुपारी भरावी.

रात्रीच्या बाबतीत सगळा राग मोबाइलच्या निळ्या उजेडावर निघतो. तो पुरता रास्त नाही. झोपण्याआधी चार-चार तास पडद्यावर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप सरासरी दहा मिनिटेच उशिरा लागली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात दिसले, जरी त्यांचे मेलाटोनिन दीड तास उशिरा वाढू लागले होते. पडद्याला पिवळी छटा देऊन रात्री एकपर्यंत बातम्या आणि भांडणे वाचणाऱ्याला त्या छटेचा उपयोग फारसा होत नाही. त्याला जागे ठेवतो तो मजकूर. माझ्या अनुभवाने घरातले छतावरचे पांढरे एलईडी साडेनऊनंतर बंद करून कोपऱ्यातला एक मंद पिवळा दिवा ठेवणे हे मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा सोपे पडते आणि भांडणही होत नाही. शिवाय एकट्याने लवकर झोपणे कठीण असते. मदुराईच्या एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेतल्या वटवाघळांवर केलेल्या कामात दिसले होते की काळोख्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेले वटवाघूळही बाकीच्या थव्याच्या जाण्यायेण्यावरून आपले घड्याळ लावून घेते. घरात सगळे बाराला झोपत असतील, तर एकट्या मुलीला दहाला झोप म्हणणे म्हणजे थव्याविरुद्ध जाणेच आहे.

## रात्रीचे जेवण आणि साखर

यकृत आणि स्वादुपिंड यांची घड्याळे उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेकडे अधिक लक्ष देतात. तीच भाकरी, तोच भात लवकर खाल्ला आणि रात्री उशिरा खाल्ला, तर रात्री रक्तातली साखर अधिक चढते, कारण मेलाटोनिन वाढलेले असताना इन्सुलिन कमी पाझरते. स्पेनमध्ये ८४५ प्रौढांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीने दिलेला असताना, जेवणाची वेळ हा विषय पथ्यपाण्याच्या यादीत खालच्या ओळीत राहावा हे मला पटत नाही. नऊची लोकल पकडून साडेदहाला घरी पोहोचणाऱ्याला ‘सातच्या आत जेवा’ म्हणणे ही थट्टा आहे. त्याने निघण्याआधी डब्यातली पोळीभाजी खाऊन घ्यावी आणि घरी आल्यावर वाटीभर वरण किंवा ताक एवढ्यावर भागवावे, हे जमण्यासारखे आहे.

## पण आमचे आजोबा तर चार तासच झोपायचे

असा एक आजोबा प्रत्येक घरात असतो. कमी झोपेवर खरोखर ठणठणीत राहणारी माणसे आहेत, आणि २००९ साली अशा एका मायलेकीच्या जनुकात त्याचे कारणही सापडले. मात्र ती अतिशय दुर्मीळ असतात, आणि त्या मायलेकीसुद्धा सहा तासांहून थोड्या अधिकच झोपत होत्या. बाकीच्यांना सात तास तरी लागतात. आजोबांच्या हिशोबात दुपारची झोप धरलेली नसते, हेही तपासून पाहावे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही आपल्याला आजीची वाटणारी ओळ इंग्रजीतल्या एका प्रसिद्ध म्हणीशी शब्दागणिक जुळते, आणि ती जनुकांचा विचार न करता सर्वांना एकाच मापाने मोजते. कोणी जन्मतःच पहाटेचा असतो, कोणी रात्रीचा. पहाटे उठणाऱ्याकडे त्यामुळे काही नैतिक मोठेपण येत नाही.

## नुसते जास्त वेळ पडून राहिले तर?

याचे उत्तर चेन्नईतून आले आहे. तिथे कमी उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांच्या झोपेचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्षात झोप होत होती साडेपाच तासांच्या आसपास. उकाडा, डास, रस्त्यावरचे हॉर्न यांनी ती पुन्हा पुन्हा तुटत होती. त्यांना सल्ला आणि साधने देऊन झोप २७ मिनिटांनी वाढवली, तरी कामात, कमाईत किंवा मनःस्थितीत काहीच फरक पडला नाही. बहुधा कारण असे की ते अंथरुणावर जास्त वेळ पडून राहिले, झोपेची प्रत तीच राहिली. ज्यांना मात्र कामाच्या ठिकाणी शांत जागेत दुपारी अर्धा तास झोपू दिले, त्यांचे लक्ष, काम आणि समाधान तिन्ही सुधारले. पुणेकरांच्या एक ते चार बंद दुकानांवर आजवर झालेले विनोद मागे घ्यावेत असे नाही, कारण अभ्यास अर्ध्या तासाचा होता, तीन तासांचा नव्हे. दुपारी दोनच्या सुमाराची पेंग जेवणामुळेच येते असे नाही, ती जेवण चुकवले तरी घड्याळाच्या चालीने येते, आणि तीनच्या आत वीस-तीस मिनिटांची वामकुक्षी तिला पुरेशी असते. मच्छरदाणी आणि चालणारा पंखा यांना मी झोपेची औषधेच मानतो.

## रात्रपाळी करणाऱ्यांचे काय?

वरचे सगळे लिहिताना मला आमच्या इमारतीचा पहारेकरी डोळ्यांसमोर दिसत होता. परिचारिका, पोलीस, कॉल सेंटरमधली मुले यांना सकाळचा उजेड घ्या म्हणून सांगणे निरुपयोगी आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात २००७ मध्ये टाकले आणि २०१९ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला. अशांच्या बाबतीत जबाबदारी पाळ्या लावणाऱ्याची अधिक आहे. दर दोन दिवसांनी उलटसुलट पाळ्या न देणे, आणि फिरत्या पाळ्या सकाळ-दुपार-रात्र या क्रमाने पुढे सरकवणे, कारण मागे पडणाऱ्या घड्याळाला उशिरा जाणे सोपे असते. स्वतःपुरते करता येण्यासारखे म्हणजे पाळीच्या पूर्वार्धात भरपूर उजेड, सकाळी घरी परतताना काळा चष्मा, खिडकीला जाड चादर, आणि मध्यरात्रीनंतर जड जेवण टाळणे. परतताना गाडी स्वतः चालवत असल्यास मात्र झोप येत असताना काळा चष्मा घालू नये.

## मन आणि झोप, आधी कोण?

मन बिघडले की झोप जाते हे सर्वांना माहीत असते. झोप बिघडल्यानेही मन बिघडते, हे डॉक्टरांनाही पूर्वी तितकेसे मान्य नव्हते. ब्रिटनमध्ये मनगटी यंत्रे बांधलेल्या ९१ हजार माणसांच्या २०१८ च्या अभ्यासात, ज्यांच्या दिवस-रात्रीतला फरक पुसट झालेला होता, म्हणजे दिवसा हालचाल कमी आणि रात्री चुळबुळ जास्त, त्यांच्यात नैराश्याचे आणि एकटेपणाच्या भावनेचे प्रमाण अधिक आढळले. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एकट्या अशा अभ्यासाने ठरत नाही. परंतु निद्रानाशावर उपचार केले की नैराश्यही काहीसे हलके होते, एवढे चाचण्यांतून दिसले आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ, आठवड्यातून तीनदा तरी झोप लागत नसेल किंवा मध्येच मोडत असेल, तर सवयींचे सल्ले पुरेसे नसतात. त्यावर गोळ्यांच्या आधी करायचा उपचार म्हणजे निद्रानाशासाठीची खास वर्तन-विचार पद्धती, जिच्यात विचित्र वाटले तरी अंथरुणावरचा वेळ आधी कमी केला जातो. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे, आणि आठ तास झोपूनही दिवसा गाडी चालवताना पेंग येणे, ही वेगळ्या आजाराची लक्षणे असू शकतात. त्यासाठी डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची एक साधी वही न्यावी: किती वाजता अंथरुणात गेलो, अंदाजे किती वाजता झोप लागली, मध्ये कितीदा उठलो, सकाळी किती वाजता उठलो, शेवटचा चहा किती वाजता घेतला, आणि दिवसा बाहेरच्या उजेडात किती वेळ होतो. शेजारच्या मुलीने ही वही गेल्या महिन्यात सुरू केली. शेवटचा रकाना पहिल्या आठवड्यात सात दिवस कोरा होता.